बंदुकीचा हक्क: एक विसरलेली मागणी

अमेरिकेत कुठल्यातरी शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये ठरलेली चर्चा होते. ऑनसाइट राहून आलेला कोणीतरी सांगतो, की तिकडे चक्क वॉलमार्टमध्ये बंदूक मिळते. दुसरा म्हणतो, 'येडे आहेत लेकाचे.' तिसरा शांतपणे निकाल देतो, की आपल्याकडे हा प्रश्न कधी नव्हताच, आपण पडलो गांधींचा देश. मग चहा संपतो आणि सगळे आपापल्या डेस्कवर.

हा लेख त्या तिसऱ्या माणसासाठी. कारण खुद्द गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठावरचा कर रद्द करा, दारूबंदी करा, शेतसारा निम्मा करा, यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती: लोकांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या. मिठाची मागणी आपल्याला शाळेत शिकवतात. बंदुकीची मागणी पुस्तकात कुठे हरवली कोण जाणे!

आणि ही मागणी त्यांची एकट्याची नव्हती. काँग्रेसने चाळीसहून जास्त वर्षं ती लावून धरली होती. मग स्वातंत्र्य मिळालं, आपलं संविधान आपणच लिहायला बसलो आणि तो हक्क द्यायची वेळ आली तेव्हा आपण सरळ 'नको' म्हणालो. हे का झालं, ते बघण्यासारखं आहे.

आधी अमेरिकेचं उरकून घेऊ. १७९१ साली त्यांच्या संविधानात ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यातली दुसरी शस्त्रं बाळगण्याबद्दल आहे. अवघं एक वाक्य. त्याचा पहिला भाग मिलिशियाबद्दल, म्हणजे नागरिकांमधूनच उभ्या राहणाऱ्या फौजेबद्दल बोलतो आणि दुसरा भाग लोकांच्या हक्काबद्दल. सगळं भांडण या दोन भागांमधलं. हक्क फौजेचा, की एकेकट्या माणसाचा? २००८ मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सांगितलं, की एकेकट्या माणसाचा. २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द झाला. हा नियम असं म्हणायचा, की घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगायचं असेल तर सबळ कारण दाखवा, मग परवान्याचं बघू. कोर्टाचं म्हणणं, हक्क वापरायला कारण कशाला दाखवायचं? या हक्काची किंमतही बघून ठेवा. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा झगडा डीफॉल्टचा आहे. हक्क असेल तर डीफॉल्ट 'हो'. नाही म्हणायचं असेल तर कारण सरकारने द्यायचं. परवाना असेल तर डीफॉल्ट 'नाही'. हवी असेल तर कारण तुम्ही द्यायचं आणि साहेबाला ते पटायला हवं. बंदूक तीच, माणूसही तोच, फक्त कारण द्यायची पाळी कोणाची एवढाच फरक. पण हा फरक भयंकर मोठा आहे.

आता आपल्याकडे येऊ. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी पहिलं काम काय केलं असेल, तर लोकांची हत्यारं काढून घेतली. एकट्या अवध प्रांतात गढ्या पाडल्या गेल्या, तलवारी आणि बंदुका लाखांच्या संख्येने जमा झाल्या. १८६० मध्ये शस्त्रं बनवणं, आयात करणं, विकणं यावर बंधनं घालणारा कायदा आला. पण खरा घाव बसला तो मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात. त्या एका महिन्यात दोन कायदे झाले. एक देशी भाषांमधल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा शस्त्रांचा कायदा. जीभ आणि हात, दोन्ही एकदम बांधले. वर्तमानपत्रांचा कायदा पुढे लॉर्ड रिपनने काढून टाकला. शस्त्रांचा मात्र इंग्रज गेल्यावरही बरीच वर्षं राहिला.

शस्त्रांच्या कायद्याची रचना मोठी हुशारीची आहे. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही, हा नियम वरवर सगळ्यांना सारखा. पण कलम २७ ने सरकारला अधिकार दिला, की कोणत्याही व्यक्तीला किंवा व्यक्तींच्या वर्गाला यातून सूट देता येईल. मग नियमांमध्ये सूट मिळालेल्यांची यादी आली. युरोपियन सुटले, अँग्लो-इंडियन सुटले, काही राजेरजवाडे आणि बडे जमीनदार सुटले. म्हणजे भेदभाव कोडमध्ये शोधायला जाल तर सापडणार नाही, तो कॉन्फिग फाइलमध्ये. मुंबईत नुकताच बोटीतून उतरलेला गोरा कारकून खुशाल पिस्तूल बाळगू शकत होता. पण रानडुक्कर रातोरात भात लोळवून जातंय म्हणून बंदूक हवी असलेल्या शेतकऱ्याने कचेरीत खेटे घालायचे.

तेव्हाची तक्रार नेमकी काय होती, हे इथे नीट बघायला हवं. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. तिथे या कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर जोरदार बोलले. ठरावाचा सूर असा, की प्रजा राजनिष्ठ आहे, या कायद्याने लोकांचे हाल होतात आणि त्यांच्यावर विनाकारण बट्टा लागतो. 'आम्हाला बंदुका द्या' यापेक्षा 'तुम्ही आमच्यावर संशय का घेता' हे दुखणं मोठं होतं. त्यात व्यवहाराचा भाग होता, पिकांची आणि जंगली जनावरांची काळजी होती. पण मुख्य जखम अपमानाची.

अमेरिकेतही थेट हेच चालू होतं, हे मला वाचताना कळलं. १८५७ मध्येच तिथल्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसांना नागरिक मानायचं नाकारलं. सरन्यायाधीश टॉनी यांनी दिलेल्या कारणांमध्ये हेही होतं, की यांना नागरिक मानलं तर यांना जातील तिथे शस्त्रं घेऊन फिरता येईल! गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला, की मुक्त झालेल्या काळ्या माणसाला स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक ठेवता येणार नाही. शेजारच्या गोऱ्याला ही अट नव्हती. म्हणजे ज्या देशात हा हक्क संविधानातच लिहिलेला, तिथेही 'लोक' या शब्दात कोणाला धरायचं हे आधीच ठरलेलं होतं. बंदुकीचा कायदा वाचला की सरकारचा विश्वास कोणावर आहे आणि भीती कोणाची आहे, ते लगेच कळतं.

आपल्या महाराष्ट्रात ही भीती लवकरच खरी ठरली. कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं तोच, १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि इतरांना जमवून बंड केलं. तीस वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ते ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. आता गंमत बघा. आजच्या अमेरिकेत बंदूकवाले जो युक्तिवाद करतात, की कायद्याने फक्त सरळ माणसाचे हात बांधले जातात आणि ज्याला मारायचंच आहे तो कुठूनही बंदूक मिळवतो, त्याला नाशिकइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. वीस पिस्तुलं आणायला लंडनपर्यंत हात पोचावे लागले. दोन हजार काही आणता आली नाहीत.

टिळकांनी हा मुद्दा आणखी पुढे नेला. ८ जून १९०८ ला सरकारने स्फोटकांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन नवे कायदे केले. दुसऱ्या दिवशीच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. ज्या लेखांबद्दल टिळकांना मंडालेची सहा वर्षं झाली, त्यातला हा एक. त्यातला युक्तिवाद साधारण असा: मोगलांनीही प्रजेला निःशस्त्र केलं नव्हतं, ते इंग्रजांनी केलं आणि राष्ट्राचं पौरुष मारलं. पण बंदूक अडवता येते तसा बाँब अडवता येणार नाही. त्याला मोठा कारखाना लागत नाही, ती एक विद्या आहे आणि विद्या कायद्याने जप्त होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत थ्री-डी प्रिंटरवर छापता येणाऱ्या पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर आली. सरकारने ती काढायला लावेपर्यंत दोन दिवसांत ती लाखभर वेळा डाउनलोड झाली होती. तेव्हा जगभर जी चर्चा झाली, तिचा गाभा टिळकांनी शंभर वर्षं आधी मांडून ठेवला होता. टिळकांचा निष्कर्षही लक्षात ठेवण्यासारखा: लोकांना अधिकार द्यायला सुरुवात करा, टिकाऊ उपाय तोच.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने नियम बदलले आणि वंशावरून मिळणारी सूट काढून टाकली. कागदावर तरी. म्हणजे अपमानाचं मुख्य कारण गेलं. पण मागणी गेली नाही, कारण तोवर तिला वेगळा अर्थ आला होता. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी पत्रक काढलं, त्यात इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांमध्ये अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असं लिहिलं होतं. अहिंसावाल्या माणसाने हे म्हणावं? पण त्यांचा हिशोब सरळ होता. ज्याच्या हातात काठीच येऊ दिली नाही, त्याने मारलं नाही यात कसली अहिंसा? मारायची ताकद असून न मारणं, ही अहिंसा.

पुढे १९२८ च्या नेहरू अहवालात, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या संविधानाच्या आराखड्यात, शस्त्रं बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला. मार्च १९३१ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीला झालेल्या अधिवेशनात तो पुन्हा आला. दोन्हीकडे 'नियमांच्या अधीन राहून' अशी पुस्ती होती, पण हक्क म्हणजे हक्क. कराचीचा ठराव ही काँग्रेसची जाहीर प्रतिज्ञा होती.

आणि मग आलं १९४८. मसुदा समितीने केलेल्या मसुद्यात हा हक्क नव्हता. हरी विष्णू कामत यांनी तो घालायची दुरुस्ती सुचवली. हे गृहस्थ आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले. १ आणि २ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत चर्चा झाली. इतकी वर्षं जे इंग्रजांकडे मागत होतो, ते आता आपलं आपल्यालाच द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न रास्तच होता.

पण तो काळ डोळ्यांपुढे आणा. फाळणीच्या कत्तलींना दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. ३० जानेवारीला दिल्लीत पिस्तुलाच्या तीन गोळ्यांनी गांधीजींचा खून झाला होता. सप्टेंबरमध्ये हैदराबादेत फौज घालावी लागली होती. काश्मीरमध्ये लढाई चालूच होती. सभागृहातल्या प्रत्येकाने गेल्या दोन वर्षांत 'शस्त्र हातात असलेला सामान्य नागरिक' काय करू शकतो, ते पाहिलेलं होतं.

उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, त्यामुळे अमेरिकेचं संविधान त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा धरू नका, कर्तव्याचा धरा. देशावर संकट येतं तेव्हा नागरिकाने शस्त्र उचलायला हवं. पण हक्क सगळ्यांना दिला, की सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगत उभा राहणार. वाटेल त्याने बाजारात जावं आणि कुठलंही हत्यार विकत घ्यावं, सरकारने अडवायचं नाही, अशा परिस्थितीत कारभार कसा चालेल याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही, असं ते म्हणाले. कामतांची दुरुस्ती नामंजूर झाली. कराचीची प्रतिज्ञा तिथे संपली आणि बाहेर फारसं कोणी ओरडलंही नाही.

उरलं काय? अमेरिकेच्या संविधानात शस्त्र धरण्याचा हक्क आहे. आपल्या संविधानातही शस्त्राचा उल्लेख आहे, पण उलट्या बाजूने. अनुच्छेद १९ आपल्याला शांततेने आणि 'विनाशस्त्र' एकत्र जमायचा हक्क देतो. एक अपवाद अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात: शिखांचं कृपाण. बाकी सगळं साध्या कायद्यावर सोडून दिलं.

तो साधा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १९६२ पासून लागू झाला. म्हणजे लिटनचा कायदा चौऱ्याऐंशी वर्षं चालला, त्यातली पंधरा आपल्याच राज्यात! नवा कायदा वाचताना मला सुखद धक्का बसला. तो जुन्या कायद्याला दिलेलं उत्तर आहे. शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्यासाठी खास तरतूद आहे. परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवायची. अपील करता येतं. आणि एक छान कलम आहे: माणसाकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारायचा नाही. रानडुकराने त्रासलेला १८७८ चा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवूनच कोणीतरी हे लिहिलं असणार. कोकणात आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की पोलीस त्या ठाण्यात जमा करायला सांगतात.

पण डीफॉल्ट 'नाही'च राहिला आणि साहेबाची मर्जीही राहिली. आकडे बघा. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. उत्तर प्रदेशातल्या माणसाच्या जिवाला महाराष्ट्रातल्या माणसापेक्षा कितीतरी पट धोका आहे, असं कोणी म्हणणार नाही. तिथे खांद्यावरची बंदूक म्हणजे वट. वरातीत हवेत गोळ्या झाडण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवायला २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यातच सगळं आलं. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

आणि ती जुनी कॉन्फिग फाइल? तीही आहे. १९५९ च्या कायद्याचं कलम ४१ सरकारला सूट द्यायचा अधिकार देतं. कूर्गच्या कोडव समाजाला १८५७ नंतर इंग्रजांनी राजनिष्ठेबद्दल शस्त्रकायद्यातून सूट दिली होती. ती आजही चालू आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने वैध ठरवली. कोडव मंडळींचं बंदुकीशी नातं फार जुनं आहे, त्यांच्या कैलपोळ सणाला शस्त्रांची पूजा होते, त्यामुळे माझा त्यांच्यावर राग नाही. पण वर्गावरून विश्वास ठरवायची रीत १८५७ च्या हिशोबातून आली आणि अजून कायद्यात आहे, हे नोंदवून ठेवायला हवं.

मग माझं मत काय? मला वाटतं, १९४८ चा 'नाही' बरोबर होता. ४८,८३० हा आकडा समोर असताना डीफॉल्ट 'हो' असावा असं मी म्हणणार नाही. पण 'आपण गांधींचा देश, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न नाही' हे खोटं आहे. आपल्याकडे प्रश्न होता, मोठ्या माणसांनी तो जीव तोडून मांडला आणि आपण विचार करून त्याचं उत्तर दिलं. आपोआप मिळालेल्या शहाणपणापेक्षा असा ठरवून घेतलेला निर्णय मला जास्त अभिमानाचा वाटतो.

फक्त त्या निर्णयाला एक दुसरी बाजूही आहे. हक्क सोडला याचा अर्थ आपण सरकारवर विश्वास टाकला. बदल्यात सरकारने एवढंच करायचं, की नियम सगळ्यांना सारखा लावायचा. १८८७ मध्ये मद्रासला जमलेल्या लोकांची मूळ तक्रार बंदूक मिळत नाही ही नव्हतीच. त्याला मिळते, मग मला का नाही, आणि 'नाही' म्हणताना कारण का सांगत नाही, ही होती. ज्याच्यामागे चार गाड्या फिरतात त्याचा परवाना पटकन होतो आणि ज्याचं भात डुक्कर खातं त्याची फाइल अडकून पडते, असं जिथे जिथे होतं, तिथे लिटनचाच कायदा चालू आहे असं समजायचं.